त्या कुंभाराचं काय झालं?

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नवराबायकोचं कशावरून ना कशावरून वाजतंच. आमचं ना मिठावरून वाजलं, ना माहेरावरून. आमचं वाजलं ते सिनेमातल्या पळापळीवरून.

आम्ही दोघंही राहात्याला एकाच शाळेत शिकवत होतो. हे मराठी, मी भूमिती. सत्तर साल नुकतंच उलटलं होतं. माझं माहेर नगरचं, आणि तेही थिएटरच्या मागच्या गल्लीतलं. दुपारच्या खेळाची शेवटची मारामारी आमच्या स्वयंपाकघरात स्पष्ट ऐकू यायची. आई भाकरी थापायची आणि पलीकडे कुणीतरी कुणालातरी थापायचा. अशा घरात वाढलेल्या मुलीला मारधाडीचे सिनेमे आवडले नसते तरच नवल. त्यातही मला पाठलाग फार आवडायचा. गाडीमागे गाडी, घोड्यामागे घोडा, काहीच नसलं तर माणसामागे माणूस. पाठलाग सुरू झाला की मी खुर्चीच्या कडेला यायची ती संपेपर्यंत मागे टेकायची नाही.

यांचं म्हणणं वेगळं होतं. "दोन माणसं," हे बोटं दाखवून मोजायचे, "एक पुढे पळतो, एक मागे पळतो. तीन तासांनी मागचा पुढच्याला गाठतो. हेच सुरुवातीला झालं असतं तर सगळ्यांचे पाय वाचले असते. यात आशय काय आहे?"

'आशय' हा यांचा आवडता शब्द. दुकानाच्या पाटीपासून शेजाऱ्यांच्या भांडणापर्यंत सगळ्यात हे आशय शोधायचे.

"प्रमेयाचं उत्तर तरी आधी ठाऊक नसतं का?" मी म्हटलं. "शेवटी 'हेच सिद्ध करायचे होते' येणार हे पोरांना माहीत असतं. तरी मधल्या पायऱ्या कराव्याच लागतात ना?"

यावर हे उठून वह्या तपासायला बसले. मला वाटलं, जिंकले. पण दोन दिवसांनी जेवता जेवता घास हातातच धरून म्हणाले, "प्रमेयात कुणी काच फोडून बाहेर उडी मारत नाही."

एवढ्यात सासूबाई यायच्या झाल्या. त्या पारनेरकडच्या एका खेड्यात राहायच्या. थंडीचे दिवस होते, सुगीला अजून अवकाश होता, तेव्हा मुलाचा नवा संसार बघून येऊ म्हणून निघाल्या. मामंजी जनावरं सोडून कुठं हलायचे नाहीत. त्यामुळे सासूबाईंचा धाकटा भाऊ त्यांना नगरपर्यंत आणून सोडणार, आणि तिथून आम्ही त्यांना घेऊन येणार असं ठरलं. सासूबाईंना मी रीतीप्रमाणे आत्या म्हणायची.

आत्यांनी जन्मात एकच सिनेमा पाहिला होता. तोही जत्रेतल्या तंबूत, देवाधर्माचा. पडद्यावर देव आले की सगळ्यांबरोबर त्याही हात जोडायच्या. यांच्या डोक्यात कल्पना आली.

"आपण आईला नेऊ," हे म्हणाले. "तीनचा खेळ बघू आणि संध्याकाळच्या गाडीनं राहात्याला येऊ. तुझा आवडता, गाड्या पळवण्याचा सिनेमा. तिच्या मनात आधीचं काही नाही. बघू तिला त्यात काही सापडतं का."

यांची खात्री होती की आत्या अर्ध्यातून उठतील. माझीही थोडीफार तीच होती, पण मी बोलून दाखवलं नाही.

आत्या नगरच्या स्टँडवर उतरल्या. गाठोडं, त्यात ज्वारीचं पीठ, शेंगा आणि काय काय. "आधी बांगड्या भरायच्या," म्हणाल्या. बांगड्या भरल्या. मग थिएटरात गेलो. आत्यांनी चपला काढून खुर्चीखाली ठेवल्या, खुर्चीत मांडी घातली आणि गाठोडं मांडीवर घेतलं.

सिनेमा हिंदी होता. आत्यांना हिंदी येत नव्हतं, पण पळायला भाषा लागत नाही. मध्यंतराच्या थोडं आधी खरी मजा आली. काळ्या गाडीतून पेटी घेऊन पळणारा गुंड, मागे जीपमधून नायक. घाटातून गाड्या खाली आल्या त्या थेट बाजारात घुसल्या. केळ्यांची गाडी उलटली, वाळत घातलेली लुगडी उडाली आणि गुंडाच्या काचेवर पडली. थिएटरभर शिट्ट्या. मी कडेला आलेली. मग वळणावर एक कुंभार दिसला. रस्त्याच्या कडेला त्यानं मडक्यांची उतरंड रचली होती. काळी गाडी निम्म्या उतरंडीतून गेली. उरलेली निम्मी नायकाच्या जीपनं फोडली. क्षणभर तो कुंभार डोक्याला हात लावून उभा दिसला आणि लगेच पडद्यावर पुन्हा चाकं आली.

आत्यांनी माझं मनगट धरलं. "अगं माय! भाजल्याली मडकी हुती गं सगळी!"

"बघा हं आत्या, आता पुलावरून उडी मारणार."

"मारू दे. त्या कुंभाराचं काय झालं?"

"तो मागे राहिला."

"त्ये दिसलं मला. पन त्याचं काय झालं?"

पलीकडच्या खुर्चीत हे हसले. हसण्याचा आवाज आला नाही, पण मला कळलं.

मध्यंतरात आत्यांनी शेंगा काढल्या. हे मुद्दाम विचारायला लागले, "कसा वाटतोय गं आई?" आत्या म्हणाल्या, "लई झ्याक." यांचा चेहरा जरा उतरला. पुढचा सगळा सिनेमा आत्यांनी मन लावून पाहिला. नायक खाली पडला तर त्या हळहळल्या, गुंडाला मार बसला तेव्हा माझ्या आधी त्यांनी "हाण!" म्हटलं. शेवटी नायक-नायिका भेटली, दिवे लागले, लोक उठले. आत्या मांडी घालून तशाच.

"आई, चल. संपला," हे म्हणाले.

"तो कुंभार कवा यायचा?"

"कुंभार येणार नाही आता."

"असं कसं? पेटी घावली, लगीन जमलं, समद्यांचं समदं झालं. मग त्याचंच का ऱ्हाईलं?"

झाडूवाला येऊन आमच्या रांगेशी उभा राहिला, तेव्हा कुठं त्या उठल्या.

राहात्याच्या गाडीत यांना विजयाचं भरतं आलं होतं. "बघितलंस? आईला पोकळी बरोबर सापडली. मडकी फोडली ती नुसत्या आवाजासाठी. त्यामागे माणूस आहे याचं कुणाला काही नाही. हाच तो आशयाचा अभाव."

"अभाव कसा?" मी म्हटलं. "तुमच्या एवढ्या आशयघन सिनेमांतल्या कुणासाठी आत्या अशा तळमळल्या असत्या का?"

"ती तळमळ आईनं घातली. सिनेमात नव्हती."

"पण मडकी तर सिनेमावाल्यांनीच फोडली ना?"

आत्या खिडकीशी बसून नव्या बांगड्या बघत होत्या. "तुमी दोघं शाळेत बी असंच भांडता व्हय?" म्हणाल्या.

आत्या महिनाभर राहिल्या. दुपारी शेजारच्या बाया धान्य निवडायला-टिपायला आमच्या ओसरीवर जमायच्या. आम्ही शाळेतून येईपर्यंत आत्यांनी त्यांना अख्खा सिनेमा सांगितलेला असायचा. पहिल्या खेपेला सांगितला तो साधारण आम्ही पाहिला तसाच होता. दुसऱ्या खेपेला कुंभाराला बायको आली. तिसऱ्या खेपेला नायक सगळं आटोपून जीप घेऊन परत वळणावर आला. कुंभाराच्या बायकोनं त्याला असा झापला, असा झापला, की त्यानं पेटी खाली ठेवली आणि चाकावर बसला. त्याचं पहिलं मडकं वाकडं झालं. मग कुंभार म्हणाला, "बाबा, तू जीपच चालव." बाया पोट धरून हसायच्या.

एक दिवस हे आत वह्या तपासत होते. राहवेना म्हणून बाहेर आले. "आई, असं काही नव्हतं त्यात."

"तू पेंगत हुतास," आत्या म्हणाल्या. बायांनी यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

खरी गंमत पुढेच आहे. त्या बायांतल्या एकीचा नवरा दवाखान्यात कंपाउंडर होता. दोघं कसल्याशा लग्नाला नगरला गेली आणि हाच सिनेमा बघून आली. परत आल्यावर ती तणतणत आमच्या ओसरीवर आली. "फसवतात मेले! आम्ही बघितला त्यात कुंभाराचा तुकडाच कापला होता!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे वहीत तोंड घालून बसले होते, पण खांदे हलत होते.

महिना झाला आणि आत्यांना गावाची ओढ लागली. सुट्टीचा दिवस बघून आम्ही त्यांना सकाळच्या गाडीनं नगरला पाठवायचं ठरवलं. तिथं त्यांचा भाऊ घ्यायला येणार होता. स्टँडवर गर्दी होती. गाडी लागली, हे पुढे घुसले, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, आत्यांना बसवलं, गाठोडं पायाशी ठेवलं. सगळं करताना आमचा वाद चालूच होता, कारण कंपाउंडरीणबाईंच्या गोष्टीनंतर मला जोर आला होता.

"लोकांना नसलेलं दिसलं म्हणजे सिनेमा चांगला असं होत नाही," हे म्हणत होते. मध्येच गाडीच्या पाटीकडे बोट दाखवून म्हणाले, "बघ, 'शिर्डीमार्गे मनमाड'. त्या 'शिर्डी'तली वेलांटी बघ कशी काढली आहे. महामंडळाला र्‍हस्व-दीर्घ कधी कळणार?"

घंटी वाजली, गाडी हलली, आत्यांनी हात केला. गाडी फाटकाबाहेर पडली आणि डावीकडे वळायच्या ऐवजी उजवीकडे वळली. आम्ही दोघं गाडीकडे बघत उभे. मग माझ्या डोक्यात ती वेलांटी उजाडली.

"अहो, शिर्डीची पाटी होती ना?"

"हो. दोन्ही र्‍हस्व."

"आत्यांना नगरला जायचंय."

यांचा चेहरा कसा झाला ते मी कधी विसरणार नाही. शिर्डी उलट्या दिशेला. ती गाडी पुढे कोपरगाव करून मनमाडला जाणारी. आत्यांना वाचता येत नव्हतं. कुणाला काही विचारायचं तर मनमाड आल्यावरच विचारतील अशी यांना भीती.

स्टँडच्या बाहेर पेरूंच्या पाट्या वाहणारा एक तीनचाकी टेम्पो उभा होता. टेम्पोवाल्याचा मुलगा आमच्या शाळेत होता. हे धावत गेले, काय सांगितलं देव जाणे, आणि मला ओरडून बोलावलं. पुढच्या एवढ्याशा जागेत आम्ही तिघं कोंबून बसलो. टेम्पो निघाला.

निघाला म्हणजे, आवाज जोरात निघाला. वेग त्यामानानं बेताचा.

"अहो, जरा पळवा की!"

"गुरुजी, ह्यो टेम्पो हाय. इमान न्हाई."

कारखान्याचे दिवस होते. उसाच्या बैलगाड्यांची रांग पुढे डुलत चालली होती. हे निम्मे बाहेर लोंबकळले. "बाजू! बाजू द्या! अहो, कडेनं घाला! घाला कडेनं! आता डावीकडून! दाबा!" पाच वर्षं अलंकार शिकवणारा माणूस. टोपी उडून मागे गेली तरी यांनी वळून पाहिलं नाही. मी घाबरले होतेच, पण खरं सांगते, आतून मला हसूही येत होतं.

टेम्पोवाल्यानं कडेनं घातला. कडेला एक म्हातारी पेरूंच्या दोन पाट्या मांडून बसली होती. पुढचं चाक पहिल्या पाटीला लागलं, पाटी उडाली, आणि रस्ताभर पेरूच पेरू. म्हातारी वेळेवर सरकली म्हणून बरं. टेम्पोवाल्यानं पाय काढला.

"थांबू नका!" हे ओरडले. "आई पुढे चाललीय! येताना बघू!"

शेकडो सिनेमांत हे वाक्य कुठल्या नायकानं उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. पण प्रत्येक जण मनात हेच म्हणत असणार. मी मागे वळून पाहिलं. म्हातारी कपाळाला हात लावून उभी होती.

"थांबवा," मी म्हटलं.

"काय?" हे माझ्याकडे बघतच राहिले. "तू म्हणतेस थांबवा?"

"मीच म्हणतेय. थांबवा हो भाऊ."

टेम्पो थांबला. मी उतरले. माझ्यामागे हेही उतरले, पण पुढच्या रस्त्याकडे बघत, असे की पाय इथं आणि जीव तिकडं. म्हातारीनं कंबरेवर हात ठेवले.

"डोळं हायेत का बटनं लावल्यात?"

"बाई, माफ करा," हे काकुळतीला आले. "माझी आई चुकीच्या गाडीत बसली हो—"

"आन् माजं पेरू बरुबर गाडीखाली आलं व्हय?"

यावर कुठलाच अलंकार चालण्यासारखा नव्हता. हे खाली बसले आणि पेरू गोळा करायला लागले. धोतराच्या सोग्यानं एकेक पुसून पाटीत ठेवत होते. बैलगाड्यांचे गाडीवान आमच्याकडे बघत बघत आम्हाला मागे टाकून जात होते. मी चाकाखालचे, ठेचलेले वेगळे काढत होते. यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणाले, "गाडी गेली आता. मनमाडला पोचली तर ती काय करेल गं?" मी पेरू निवडतच राहिले. मीच थांबवलं होतं.

शिर्डीकडून एक टांगा आला आणि आमच्यापाशी उभा राहिला.

"हे काय रे?" टांग्यातून आवाज आला. "मास्तरकी सोडून पेरू इकतोस व्हय?"

आत्या! मांडीवर गाठोडं, कपाळाला ताजा अंगारा. हे उठले ते हातात दोन पेरू तसेच धरून. आईच्या पायांशी टांग्याला टेकून उभे राहिले.

आत्यांनी सांगितलं ते असं. गाडी सुटली, थोड्या वेळानं देवळाचा कळस दिसला. त्यांनी शेजारणीला विचारलं. ती म्हणाली, शिर्डी. "म्हनलं, नगर शिर्डीच्या पल्याड कवापासनं गेलं? मंग कंडक्टरला म्हनलं, बाबा, मला हितंच उतरव. आता उतरलेच हुते, तर म्हनलं भायेरनं हात जोडावं. आन् टांगा धरला." यात घाबरण्यासारखं काही झालं असं त्यांना वाटतच नव्हतं. आम्ही थांबलो नसतो, तर यांचे डोळे लांबच्या धुळीवर लागलेले असते, आणि शेजारून जाणारा टांगा आम्ही मागे टाकला असता.

मग आत्या खाली उतरल्या. रस्त्यावर काय झालंय ते त्यांनी एका नजरेत ताडलं आणि पदर खोचला. म्हातारी अजून धुमसत होती. आत्या तिच्याजवळ उकिडव्या बसल्या, पाट्या नीट लावून दिल्या, गाव विचारलं, लेकीबाळी विचारल्या. ठेचलेले पेरू सगळे आम्ही घेतले, चांगल्यांतलेही बरेच घेतले. पुढे आठवडाभर आमच्याकडे पेरूची भाजी, पेरूची कोशिंबीर आणि शेजाऱ्यांकडेही तेच. निघताना म्हातारीनं यांच्या हातावर एक पिकलेला पेरू ठेवला. "आयसाठी पळत हुतास, म्हून सोडते," म्हणाली.

दुपारच्या गाडीनं आत्यांना पुन्हा नगरला बसवलं. या वेळी यांनी पाटी मोठ्यानं वाचली, मग कंडक्टरला विचारलं, मग ड्रायव्हरला विचारलं, मग गाडीतल्या दोन अनोळखी माणसांना. भावाला नगरला ताटकळावं लागेल याची काळजी होती, पण तो गाडी उशिरा आली असं समजून स्टँडवर झोप काढत होता, हे नंतर कळलं.

गाडी हलली आणि हे खिडकीबरोबर चालायला लागले. गाडीनं वेग घेतला तसे हेही पळायला लागले. फाटकापर्यंत पळाले. आत्या खिडकीतून ओरडल्या, "आरं, आता कशापायी पळतोस?"

संध्याकाळी चहा घेताना मी हळूच विचारलं, "टेम्पोत डोक्यात काय चाललं होतं?"

"काही नाही. आई. बाकी काहीच नव्हतं. शाळा नाही, पुस्तकं नाहीत. तूसुद्धा नव्हतीस."

"मी मांडीला मांडी लावून बसले होते!"

"तरी नव्हतीस." बशीत चहा ओतत म्हणाले, "आईवर आपला एवढा जीव आहे, हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे होतं. पण एवढं नव्हतं ठाऊक."

"मग पळण्यात काहीतरी आहे, हे तरी कबूल करा."

"टेम्पोत होतं. सिनेमात नसतं."

मी पुढे ताणलं नाही, कारण माझ्याही पायाखालचं थोडं सरकलं होतं. इतकी वर्षं मी पाठलाग बघायची ते दोन रेषा बघितल्यासारखे. कुठं छेदतात एवढंच बघायची. कडेला काय सांडतंय ते मला एका निरक्षर बाईनं दाखवलं, तेही न शिकवता, नुसतं विचारून. त्या सिनेमावाल्यांच्या मनात कुंभार असेल असं मलाही वाटत नाही. पण त्यांनी तो रस्त्यावर उभा केला होता, तेवढं आत्यांना पुरलं. यांना ते मान्य नाही. अजूनही नाही.

त्यानंतरच्या एका रविवारी हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "कोपरगावला नवा लागलाय म्हणे. मारधाडीचा. तुला जायचं असेल तर सोबत म्हणून येईन."

गेलो. त्यात ट्रकमागे मोटारसायकल होती. माझं अर्धं लक्ष पाठलागाकडे आणि अर्धं रस्त्याकडेच्या भाजीवालीकडे. भाजीवाली वाचली, हुश्श केलं आणि सहज शेजारी पाहिलं, तर यांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेले आणि उजव्या पायानं हे, गाडीला वेग द्यावा तशी, फरशी जोरजोरात दाबत होते.

मी बाहेर आल्यावर विचारलं.

"पायाला मुंग्या आल्या होत्या," म्हणाले.